कोनाकडं आले जी?

तुमसर रोड स्टेशनात उतरलेला माणूस एखाद वेळेस तिकीट तपासनिसाच्या हातून सुटेल, पण सिंधूमावशीच्या हातून सुटायचा नाही. स्टेशनच्या फाटकासमोरच तिचं शिलाईचं दुकान. एक डोळा ब्लाउजवर, दुसरा फाटकावर. गाडी आली की मशीन थांबलंच.

"कोनाकडं आले जी?"

शाळेत बदली होऊन मी इथे उतरले, तेव्हा मलाही हाच प्रश्न आला. रस्ता ओलांडेपर्यंत तिला माझं माहेर, माझा विषय आणि माझा दमा कळला होता. चहा संपेपर्यंत मी तिच्याच मागच्या खोलीची भाडेकरू झाले होते.

"मले काय करायचं आहे" हे तिचं पालुपद. प्रत्येक चौकशी इथूनच सुरू व्हायची. "मले काय करायचं आहे जी, पन पोराचं लगन कुठवर आलं?" एकदा रेल्वेचे कुणी मोठे साहेब आले. सगळे हात बांधून उभे. मावशी सरळ पुढे झाली. "साहेब, लंगडून काहून राहिले?" साहेबांनी गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली. घरी तेल चोळून द्यायला कुणाला वेळ नाही, हेसुद्धा.

लोक हसत, वैतागत. पण एका लग्नसराईत ती कुणाचं तरी शिवलेलं पोलकं द्यायला फलाटावर गेली आणि डब्यात बसलेल्या नवरदेवाला तिने खिडकीतून विचारलं, "नवरीचं गाव कोनतं, बाबू?"

"तिरोडा."

"मंग ह्या तिरोडीच्या गाडीत कायले बसले? तिरोडा दुसऱ्या लाइनीवर आहे! उतरा, बाप्पा, उतरा!"

बाशिंगं, पेट्या, म्हाताऱ्या, बँडवाले, सगळे धडाधड खाली. तेव्हापासून तिला तोंडावर भोचक म्हणायची कुणाची छाती नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक पोरगी दुपारच्या गाडीने उतरली. विशी-बाविशीची, हातात एकच पिशवी. फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसली ती उठेचना. सावली सरकली, ऊन अंगावर आलं, तरी तशीच. मावशी उठली. आता प्रश्नांचा मारा होणार म्हणून मीही दारात आले.

"उनात बसू नको, माय. आत ये," मावशी म्हणाली. बस्स, एवढंच.

आत आणून तिने पोरीपुढे आपला डबा ठेवला. पोरगी खाली मान घालून जेवली आणि कापडांच्या गठ्ठ्याला टेकून तिथेच झोपली. नाव नाही, गाव नाही. मावशीने मशीनसुद्धा चालवलं नाही, आवाजाने जाग येईल म्हणून. एका ऑटोवाल्याने डोकावून विचारलं, "कोनाची पोरगी हो?"

"तुले काय करायचं आहे? आपला ऑटो पाह्य!"

उठल्यावर पोरीनेच भावाला फोन लावला. तो लाखनीकडून मोटरसायकलवर आला आणि उतरता उतरता सुरू झाला, "न सांगता काहून आली? जावई काय म्हनून राहिले, मालूम आहे?"

मावशीने त्याच्या हातात पाण्याचा गिलास दिला. "आदी पानी पे. तिले सांगायचं असन तवा ते सांगन. रस्त्यात काहीच इचारू नको."

तो उभ्याउभ्याच पाणी प्यायला. पोरगी गाडीवर मागे बसली. जाताना तिने मावशीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ती दोघं गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, तुम्ही नाव तरी विचारायचं!"

मावशी सुईत दोरा ओवत होती. तो काही जाईना.

"मी बी अशीच उतरली होती ना इथं, म्याडम. नवऱ्याचं घर सोडून. साऱ्यायनं इचारलं, काहून आली, काय झालं, कोनाची चुकी. सांगून सांगून थकली मी. जेवली का म्हनून कोनी इचारलं नाही."

मीही तिला काही विचारलं नाही. तिचा डबा तिथेच रिकामा पडला होता. मी खोलीत जाऊन कुकर लावला आणि तिला हाक मारली.

ती आली, जमिनीवर बसली. वरण-भात कालवून जेवली. मग ताट थोडं पुढे सरकवून तिने आणखी भात मागून घेतला.