आवटींचा तळ

चिपळूणहून मिरजेला बदली झाली तेव्हा वैदेही नाखरेचा तळ चिपळूणच्या ऑफिसातल्या खुर्चीतच राहून गेला. सामानाची यादी तिने दोनदा तपासली होती. शेगडी आली, मनवाची सायकल आली, पाटा आणि वरवंटासुद्धा आला. तळ यादीत नव्हता, कारण तो कुणीच यादीत लिहीत नाही.

मिरजेतल्या पहिल्याच संध्याकाळी सातच्या सुमाराला ती मेथी निवडता निवडता विरळ होत गेली आणि पाच-सात मिनिटांत संपली. अर्धी जुडी ताटात तशीच राहिली. नवऱ्याने, अविनाशने, गच्चीपासून जिन्याखालपर्यंत सगळं घर पालथं घातलं. सकाळी सहाला न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला आणि वैदेही केस पुसत बाहेर येऊन म्हणाली, "चहा टाकला नाहीत अजून?"

दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं, तिसऱ्यालाही तेच. मोठ्यांनी एक वेळ चालवून घेतलं असतं, पण मनवा सहा वर्षांची होती आणि तिला आईनेच झोपवायला लागायचं. ती उशी घेऊन पलंगावर बसून राहायची.

"आई कुठे जाते?"

"जात नाही, संपते," अविनाश म्हणाला. तो शाळेत गणित शिकवतो. खोटं बोलणं त्याला जमत नाही.

एका संध्याकाळी संपायच्या आधीच न्हाणीघरात जाऊन पुन्हा आंघोळ करून बघितली. सव्वासातला वैदेही प्रकट झाली, खळखळून हसली, मनवाला गुदगुल्या केल्या आणि पंधरा मिनिटांत पुन्हा गायब. मनवा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त रडली. पुन्हा तो उद्योग त्यांनी केला नाही.

शेवटी कुणीतरी हमीदभाई अत्तारांचं दुकान सुचवलं. हमीदभाईंनी तिच्या मनगटावर कागदाची पट्टी दाबली, हुंगली, घड्याळाकडे बघत थोडा वेळ बसले, पुन्हा हुंगली.

"माणसालाबी अत्तरासारखे तीन थर असत्यात, ताई. वरचा फर्मास हाय. लिंबाच्या सालीसारखा. पाव तास बागडतोय आणि उडतोय, त्याचा धर्मच तो. मधला मोगऱ्याच्या जातीचा, कामाला दणकट. म्हणून सातपर्यंत तरी निभावताय. पण खाली तळच न्हाई की वो."

"तळ शेवटी येतो ना? येईल मग हळूहळू."

"सगळ्यांना असंच वाटतंय. नाकाला तो शेवटी कळतोय, एवढंच. असतोय पहिल्यापासनं. वरच्या दोघांचा पदर धरून बसलेला असतोय. तो नसला की वरचे कुणाच्या बापाचं ऐकत न्हाईत."

"बाटलीतून नाही का देता येणार?"

"अत्तराला लागणारं चंदन मी देतो. माणसाचा तळ जिथं मुरला तिथंच असतोय. तुमचा कुठं मुरला?"

"चिपळूणला अकरा वर्षं होते मी."

"मग पत्र लिवा."

वैदेहीने चिपळूणच्या ऑफिसला रीतसर पत्र लिहिलं. उत्तराला तीन आठवडे लागले. 'विषयांकित तळ आपल्या जागी रुजू झालेले श्री. शिगवण यांच्या वापरात असून, त्यांच्या दोन वर्षांच्या चिरंजीवांस सदर तळाच्या कुशीत झोपण्याची सवय जडलेली आहे. सबब तळ परत करता येत नाही. कळावे.'

वैदेहीला संताप आला. आपलं लेकरू इथे ताटकळत बसतंय आणि कुणा शिगवणांचं पोर आपल्या कुशीत घोरतंय! मग त्या पोराचा चेहरा कसा असेल हेही मनात येऊन गेलं आणि स्वतःचाच राग आला. पत्र घेऊन ती मिरजेच्या ऑफिसातले अधीक्षक तारळेकर यांच्याकडे गेली.

तारळेकरांनी ते दोनदा वाचलं. "चिपळूणचं बरोबर आहे, मॅडम. चालू वापरातला तळ मागता येत नाही. पण तुम्ही अजून स्टुलावरच बसता ना?"

बसत होतीच. आवक-जावकच्या टेबलामागे खुर्ची होती, पण तिच्यात आधीच्या आवटींचा तळ होता. दिसायचं काही नाही. लाखेचा आणि जुन्या पाकिटांचा वास यायचा आणि बूड टेकलं की माणसाला आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय असं वाटायचं. निवृत्त माणसाच्या तळावर त्याच्या संमतीशिवाय बसायचं नाही, असा नियमच होता.

"आवटी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तळ न्यायला आलेच नाहीत," तारळेकर म्हणाले. "त्यांचं ना-हरकत पत्र आणा. मी आदेश काढतो."

रविवारी चारला वैदेही आवटींच्या घरी गेली. भूपाल आवटी व्हरांड्यात पेपर वाचत होते आणि त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई आत भाकऱ्या थापत होत्या.

"बसा की. जेवूनच जावा," बाई म्हणाल्या. "आम्ही दिवस बुडायच्या आत जेवतो. नंतर हे नसतात."

"नसतात म्हणजे?"

"सात वाजले की संपतात. दोन वर्षं झाली. निवृत्तीनंतर असंच असतंय म्हटलं, त्यात डॉक्टरला काय दाखवायचं?"

वैदेहीने पर्समधला ना-हरकतीचा अर्ज काढलाच नाही. मोठ्या मुश्किलीने ती म्हणाली, "काका, तुमचा तळ ऑफिसात आहे. मी तो मागायला आले होते. पण तो तुमचा आहे. तुम्हीच घेऊन या, संध्याकाळी घरी असाल."

आवटींनी पेपराची नीट घडी घातली. "चौतीस वर्षं मुरलाय तिथं. घरी आणून करू काय?"

"काकू एकट्या असतात ना."

"मी?" पद्मावतीबाई हात पुसत बाहेर आल्या. "अवो, नोकरीत असताना तरी हे संध्याकाळी कुठं असायचे? डाक निघाल्याशिवाय ऑफिस सोडत नव्हते. पोरं झोपली की यायचे. दोन्ही पोरं झोपेतच मोठी झाली म्हणा यांच्या लेखी. आता पोरं पुण्याला आणि माझ्या संध्याकाळी मी माझ्या लावून घेतल्यात. भजनाला जाते. ह्यांना आता कुठं बसवू?"

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. आवटी खाली मान घालून ऐकत होते, आणि वैदेहीला त्या घटकेला त्यांची फार दया आली.

"तुम्हाला कशाला पाहिजे तळ?" त्यांनी विचारलं.

"मुलीला झोपवायचं असतं."

आवटींनी पेपर बाजूला ठेवला. मग त्यांनी पेन मागितलं. "सही करतो. पण पोराला झोपवणं मला येत नाही. कधी केलेलं नाही. तसं अर्जात लिहा. नंतर तक्रार नको."

वैदेहीने तसं लिहिलं. साक्षीदार म्हणून पद्मावतीबाईंनी सही केली.

सोमवारी पावणेअकराला तारळेकरांच्या आदेशानुसार ती खुर्चीत बसली. त्या संध्याकाळी सात वाजले, सव्वासात झाले आणि ती पलंगावर होती तिथेच होती. थोडी जड बसली होती, एवढंच. अविनाशने ताट वाढलं तर तिने दिवस बुडालाय म्हणून हात लावला नाही. मग घसा खाकरला आणि घरातली सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावली.

मनवा तिच्याकडे टक लावून बघत होती. "तुला थोपटता येतं?"

"येत नाही," वैदेही म्हणाली. "अर्जात तसं नमूद आहे."

"मग बघ तरी करून."

वैदेहीने हात उचलला. एकदा गादीवर आपटला, एकदा मनवाच्या पाठीवर. पुन्हा गादीवर, पुन्हा पाठीवर. आधी शाईच्या पॅडवर आणि मग पाकिटावर शिक्का मारावा, तसं ते चाललं होतं. मनवा आधी हसली. मग हसता हसता जांभई दिली, आणि तिसाव्या शिक्क्याला ती गाढ झोपली होती.

पंधरा दिवसांनी, रविवारी सहाच्या सुमाराला, आवटी पत्नीला घेऊन नाखऱ्यांकडे आले. चहा नको म्हणाले. मनवाकडे न बघताच त्यांनी विचारलं, "झोपते का?"

"झोपते," वैदेही म्हणाली.

"तक्रार काही?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. पण उठेनात. पद्मावतीबाईंनी दोनदा घड्याळ दाखवलं, तरी उठेनात. मग म्हणाले, "म्हणजे, झोपवतात कसं, ते मला बघायचं होतं. आठ वाजता ही झोपते तेव्हा मी नसतो."

"इथे आडवे व्हा," मनवा म्हणाली.

आवटी चष्मा काढून पलंगावर कुशीला वळले. मनवा त्यांच्या पाठीशी मांडी घालून बसली. एकदा गादीवर, एकदा पाठीवर. पावणेसातनंतर आवटी विरळ व्हायला लागले, तसा मनवाने हात हलका केला. सातला तिचा हात दोन्ही वेळा गादीवरच पडला.

"झोपले," मनवा कुजबुजली.

पद्मावतीबाई हळूच उठल्या. त्यांनी सकाळी लागेल म्हणून चष्मा पर्समध्ये ठेवला, दाराशी जाऊन आवटींच्या चपला कापडी पिशवीत घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.