नेहमीच्या दिवसाची तालीम

"नेहमीसारखा वर्ग पाहायचा आहे. कोणतीही खास तयारी करू नये," असा निरोप राज्याच्या शिक्षण सुधारणा अभ्यासगटाकडून आला आणि मोठ्या बाईंनी तो तीनतीनदा वाचून पाहिला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पण लहानथोर सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. तपासण्या त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. तपासणी म्हटली की फळा धुवायचा, तक्ते टांगायचे, हुशार मुलं पुढे बसवायची आणि उरलेल्यांना श्वाससुद्धा जपून घ्यायला सांगायचं. तयारी करू नका असं मात्र आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

त्यात या खेपेला प्रकरण नेहमीचं नव्हतं. लहान शाळा मोठ्या शाळांत मिसळायच्या की राहू द्यायच्या, हे अभ्यासगटाच्या अहवालावर ठरणार होतं. मोठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे. पहिलीतली चिमुरडी तो रस्ता कशी ओलांडणार, या विचाराने मोठ्या बाईंचा डोळ्याला डोळा लागेना.

"म्हणजे आपण काही करायचंच नाही ना?" पाचवीच्या बाईंनी आशेने विचारलं. पाहणी त्यांच्याच वर्गाची होती.

"असं कसं? परकं माणूस वर्गात आलं की पोरं दातखीळ बसल्यासारखी गप्प होतात. नेहमीसारखं वागायला त्यांना शिकवायला नको?"

झालं, नेहमीच्या दिवसाची तालीम सुरू झाली. नेहमी दोन मुलं उशिरा येतात, म्हणून दोघं नेमले. कोणीतरी वही विसरतं, म्हणून एकीला वही घरी ठेवायला सांगितली. शिपाईमामांनी सवयीने खिडक्यांच्या काचा लख्ख केल्या, तर मोठ्या बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"मामा, या काचा नेहमी अशा असतात का?"

"नसतात."

"मग?"

मामांनी अंगणातली माती ओंजळीत आणली आणि काचांवर फुंकली. "पुसायला पगार, मळवायला पण पगार. बरंय," ते पुटपुटले.

राहिलं चुकीचं उत्तर. एक छेद दोन आणि एक छेद तीन यांची बेरीज कोणीतरी 'दोन छेद पाच' सांगायची आणि बाईंनी ती सुधारायची, असं ठरलं. काम 'तुफान' नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोराला मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याचे शिंपी वडील गळ्यातला टेप न काढताच शाळेत हजर.

"बाई, अख्ख्या वर्गात आमचंच गाढव सापडलं का तुम्हाला?"

"अहो, नुसतं तालमीपुरतं आहे."

"मग डॉक्टरांच्या मुलीला चुकू द्या की तालमीपुरतं!"

डॉक्टरांची मुलगी तिथल्या तिथे रडायला लागली. "मला चुकता येत नाही," ती हुंदके देत म्हणाली. शेवटी कुणाचीच कुरकुर नको म्हणून मोठ्या बाईंनी तोड काढली. सगळ्यांनी नंबराने चुकायचं.

मग रोज तोच प्रश्न, रोज नवं पोर आणि रोज तीच चूक. डॉक्टरांच्या मुलीचा नंबर आला तेव्हा ती उठली, "दोन छेद पाच" म्हणाली आणि खाली बसायच्या ऐवजी विचारात पडली.

"पण बाई, अर्ध्यात आणखी काही घातलं तर ते अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल?"

"म्हणून तर ते चूक आहे ना, वेडे!" तुफान मागून ओरडला. तासभर सगळा वर्ग कागदाच्या पट्ट्या कापून एकमेकांना ते पटवत बसला. पाचवीच्या बाईंना फळ्यावर काही लिहावंच लागलं नाही.

पाहणीचा दिवस उजाडला. अभ्यासगटाची तरुण मुलगी खांद्याला झोळी अडकवून चालत आली, तर फाटकामागे दोन पोरं दबा धरून बसलेली.

"अरे, आत का जात नाही?"

"आम्हाला उशीर व्हायचाय," एकाने गंभीरपणे सांगितलं. "अजून झाला नाही."

ती आत गेली आणि मागच्या बाकावर बसली. मोठ्या बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. गणित फळ्यावर पडलं. त्या दिवशी नंबर पुन्हा तुफानचा होता. तो उठला.

"पाच छेद सहा."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. पाचवीच्या बाई घाईने म्हणाल्या, "नीट आठवून सांग बरं."

"नीटच सांगितलं, बाई."

"अरे, ठरलेलं सांग!"

"ते नाही सांगवत आता. चूक आहे हे कळल्यावर कसं सांगू?"

मग काय, वर्गात गलका उसळला. "बाई, मी चुकतो!" "तू परवाच चुकलास, आता मी!" वर्गातले झाडून सगळे हात वर. डॉक्टरांची मुलगी तर बाकावर चढून सांगत होती, "मी एकदाच चुकलेय, बाई! एकदाच!"

मोठ्या बाईंना वाटलं, गेली शाळा. तास संपल्यावर त्यांनी अभ्यासगटाच्या मुलीला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. उशिराची पोरं, काचांवरची माती, काही हातचं राखलं नाही. ती डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

"मोठ्या बाई, मी पाहिलं तेच लिहीन," एवढंच म्हणून ती निघून गेली. यातून काय समजायचं, ते मोठ्या बाईंना कळेना.

यथावकाश अहवाल आला. शाळा मिसळायची नाही असं ठरलं, आणि मोठ्या बाई ऑफिसचं दार लावून पोटभर रडल्या. पण सुधारणा तेवढ्यावर थांबते थोडीच? मुलांनी न घाबरता चुकावं म्हणून राज्यातल्या प्रत्येक शाळेत 'चूक-तास' सुरू करायचा आणि मुख्याध्यापकांनी त्याचं प्रशिक्षण घ्यायचं, असा आदेशही निघाला.

प्रशिक्षणाच्या सभागृहात एका उत्साही तरुण प्रशिक्षकाने नेमकं मोठ्या बाईंनाच प्रात्यक्षिकाला उभं केलं. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दोन छेद पाच."

"छे, छे! कृत्रिम वाटतं हो, मॅडम," प्रशिक्षक मान हलवत म्हणाला. "हे असं सांगून येत नाही. एक शाळा आहे, तिथे चुकायला मुलं अक्षरशः भांडतात. एकदा जाऊन बघून या. पत्ता देतो, लिहून घ्या."

त्याने पत्ता सांगितला. शाळेचं नाव, गल्ली, आणि खूण म्हणून 'हमरस्त्याच्या अलीकडे'. मोठ्या बाईंनी तो एकदा ऐकला. मग म्हणाल्या, "सर, पुन्हा एकदा सांगता का? ऐकायला बरं वाटतंय."