सात वारांचा सौदा

आमच्या शेजारच्या वानखडे गुरुजींनी मला फसवलं. लसणाच्या टोपलीपासून नांदुऱ्यात स्वतःच्या भुसार दुकानापर्यंत आलेल्या माणसाला एका निवृत्त मास्तराने सौद्यात फसवलं. हे मीच सांगून टाकतो. नाहीतर गल्ली सांगेल, आणि वाढवून सांगेल.

मी रोज सकाळी घरचा नि दुकानाचा कचरा मागच्या अंगणात पेटवायचो. धूर निघाला की गुरुजी बनियनवरच भिंतीपाशी यायचे आणि नाक वर करायचे.

"आज दुधाच्या पिशव्या हायेत, शेठ. आन् एक चप्पल. डावी."

"डावी कायवरून?"

"उजवी कुत्र्यानं आमच्या दारात आणून टाकली."

एकदा म्हणाले, "हिले दमा हाय, धूर सोसत नाही. आठवड्यातला एक वार सोडता का?"

गिऱ्हाईक घरच्या आजाराचं नाव काढतं तेव्हा भाव पाडून मागतं, हे मला पाठ आहे. मी गुरुवार दिला. गुरुवारी दुकान बंद, जाळायला फारसं काही नसतंच. किडका माल खपवल्याचा आनंद मला दिवसभर पुरला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सोमवार मागितला. मी मंगळवारावर अडून बसलो. "तुमच्यापुढं कोणाचं चालते," म्हणत गुरुजींनी पडेल चेहऱ्याने मंगळवार घेतला. असे दर आठवड्याला एकेक करत सहा वार गेले आणि प्रत्येक वेळी मीच जिंकलो. शेवटचा, सातवा रविवार देताना तर अट घातली: भिंतीपाशी येऊन वास घेणं बंद. गुरुजींनी बराच विचार करून मान्य केली.

बायको म्हणाली, "धूरच नसन तर ते वास कायचा घेतीन?"

मी त्या दिवशी रागाने जेवलो नाही.

मग कचरा घंटागाडीत टाकायला लागलो. गाडीवाल्याला ऐटीत म्हटलं, "जाळणं आपण आपल्या मनानं सोडलं बरं का."

"मनानं काऊन, शेठ? जाळाले बंदी कधीचीच हाय. दंड हाय. भोंग्यावर रोज तेच तर सांगून राह्यलो."

तो भोंगा मी आजवर नुसता गोंगाट समजत होतो. म्हणजे जे आधीच गुरुजींच्या हक्काचं होतं, ते मी सात वेळा घासाघीस करून त्यांना दिलं होतं.

तणतणत त्यांच्या घरी गेलो. "एक तक्रार केली असती तर एका दिवसात बंद झालं असतं. काऊन नाही केली?"

वाफेचं मशीन घरघरत होतं. गुरुजींनी काकूंच्या तोंडावर मास्क धरला होता. त्यांनी मला हातानेच थांबवलं. औषध संपेपर्यंत ते काकूंच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग स्वतःच्या पंच्याने त्यांचं तोंड पुसलं.

"धूर बंद झाला असता, शेठ. शेजारबी बंद झाला असता. पोरं दूर हायेत. हिचा दम वाढला का दवाखान्यात न्याले गाडी तुमालेच काढा लागते."

"शेठले चहा टाका," काकू म्हणाल्या. तेवढ्या तीन शब्दांसाठी त्यांना मध्ये एकदा थांबावं लागलं.

मी जे जे वार ताणून धरले, त्या प्रत्येक वाराचा धूर या बाईने ओढला. गुरुजी मला जाब विचारणार नाहीत; त्यांना माझी गाडी लागते. नगरपालिकेने विचारावा, नाहीतर गल्लीने विचारावा. पण कोणीतरी मला तो विचारलाच पाहिजे.