नळभाऊंचं पहिलं भाषण

"आज असं बोलतो, असं बोलतो, की विरोधी बाकांवरूनही टाळ्या पडतील!" आरशासमोर नव्या कोऱ्या झब्ब्याची बटणं लावत भाऊ गरजले.

"पोटभर बोला," वहिनी म्हणाल्या. "फक्त वाटेत कुठं हात घालू नका!"

वहिनींची धास्ती खरी होती. आमदार होण्याआधी भाऊ वर्षानुवर्षं नगरसेवक होते. कुणी हाक मारावी, भाऊंनी बाह्या सारून गटाराचं झाकण उचलावं आणि आत डोकावून म्हणावं, "दिसतंय, दिसतंय!" आईला तान्ह्याचं रडू ऐकू यावं, तसा भाऊंना चार गल्ल्या पलीकडचा गळका नळ ऐकू येई. लोक लाडानं नळभाऊ म्हणत. वॉर्डानं त्यांना कडेवर घेतलं, शहरानं खांद्यावर घेतलं आणि अखेर राज्याच्या सभागृहात नेऊन सोडलं.

तिथं मात्र जागा शेवटच्या बाकावर, खांबाआड! पक्षनेत्यांनी बजावलं होतं, "पहिलं भाषण रंगलं तर एखाद्या समितीवर घेतो. फसलं तर पुढल्या निवडणुकीपर्यंत खांबाशीच गप्पा मारा."

विषय होता पाणीपुरवठा. भाऊंची पाळी यायला अवकाश होता. वर प्रेक्षकांच्या सज्जात वहिनी भिंतीवरल्या एका लाल चक्रीला पर्स अडकवून ऐसपैस बसल्या होत्या. भाऊंनी खालून हात हलवला आणि भाषणाचे कागद घेऊन ते प्रसाधनगृहात शिरले.

टप्. टप्. टप्.

कोपऱ्यातला नळ! सासरी निघालेल्या लेकीसारखा मुळूमुळू रडत होता बिचारा. भाऊंनी डोळे मिटले. पाठ फिरवली. दारापर्यंत पोचलेसुद्धा.

टप्.

"एकच पीळ देतो हं, बाळा," भाऊ नळाला म्हणाले, "आणि जातो!"

पीळ दिला आणि नळच हातात आला! भिंतीतून पाणी असं उसळलं, जणू पिढ्यान् पिढ्या भाऊंचीच वाट बघत होतं. भाऊंनी भोकात रुमाल कोंबला. रुमाल छताला चिकटला! भाषणाचे कागद कोंबले. त्यांचा लगदा कपाळाला! शेवटी पाठ लावून उभे राहिले, तर दोन्ही बगलांतून दोन कारंजी!

इतक्यात भोंग्यातून त्यांचा पुकारा झाला. भाऊ नळ हातात धरून धावत सुटले. दाराशी पहारेकरी आडवा आला.

"ओ मिस्त्री, इकडून नाही! मागच्या दारानं या."

"अहो, मी आमदार आहे!"

"मग मी राज्यपाल! आमदार कधी नळ दुरुस्त करतात का?"

"दुरुस्त कुठं केलाय!" भाऊ रडकुंडीला आले.

हे मात्र पहारेकऱ्याला पटलं. त्यानं दार उघडलं.

"सन्माननीय सदस्यांनी आपलं पहिलं भाषण सुरू करावं," अध्यक्ष म्हणाले. भाऊ उभे राहिले. झब्बा निथळत होता. वासरू गाईमागं यावं तसं पाणी त्यांच्यामागून आत आलं होतं. डोक्यातलं भाषण कधीच वाहून गेलं होतं. तोंडातून एकच वाक्य निघालं:

"मेन व्हॉल्व कुठाय?"

मग विरोधी पक्षनेते ताडकन उठले. "जिन्याखाली बघा!"

"जिन्याखाली कसला? गच्चीवर असतो!"

"तुमच्या वॉर्डात असेल गच्चीवर!"

बघता बघता सगळं सभागृह उठलं. कारण कुणी पूर्वी नगरसेवक, कुणी सरपंच! बाह्या वर गेल्या, चपला निघाल्या, सत्ताधारी आणि विरोधक एकमतानं प्रसाधनगृहाकडे पळाले. जागेवर उरले फक्त पाणीपुरवठामंत्री. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीला हळूच विचारलं, "व्हॉल्व म्हणजे नेमकं काय?"

तेवढ्यात सज्जातून ओळखीचा आवाज आला. "अहो! ही लाल चक्री फिरवून बघू का?"

वहिनींनी पर्स काढली, चक्री फिरवली. पाणी थांबलं. प्रसाधनगृहातून विरोधकांच्याही टाळ्या ऐकू आल्या, पण त्या वहिनींना! सदस्यच जागेवर नाहीत म्हणून अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं.

संध्याकाळी पक्षनेत्यांचा फोन आला. भाऊ भिजल्या मांजरासारखे उभे राहिले. पण ऐकता ऐकता छाती फुगली.

"अगं, समिती मिळाली! राज्याच्या समितीवर घेतलं मला!"

"कुठल्या?"

भाऊंनी झब्बा पिळायला घेतला.

"सभागृहाच्या... म्हणजे... नळ आणि गटारं देखभाल."

वहिनींनी कोरडा टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला. "चला! आलात पुन्हा वॉर्डात!"