दोनशे छप्पन्न कायमचे पत्ते

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्याला मागे एक पत्र आलं. पत्र एका मोठ्या दंतसंस्थेचं होतं, आणि कारखान्याचं बारा आणे काम तिथूनच येत असल्यामुळे मालकांनी ते उभं राहून वाचलं. मालकांना सगळे कवळीकाका म्हणत. पत्राचा मजकूर असा की, येत्या एक तारखेपासून रुग्णांच्या जबड्यांची मापं इंटरनेटवरून पाठवण्यात येतील. सबब कारखान्याने इंटरनेटवरील आपला 'कायमचा पत्ता' कळवावा, अन्यथा काम दुसरीकडे देण्यात येईल.

काकांकडे नऊ कारागीर होते. काम दुसरीकडे गेलं तर त्यातल्या सहा जणांना घरी बसवावं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कारखान्यातले कॉम्प्युटर काकांची पुतणी सांभाळायची. ती म्हणाली, "एवढं काही नाही हो काका. आपला आयपी ॲड्रेस सारखा बदलत असतो, म्हणजे नेटवरचा पत्ता. नेटवाल्यांकडून न बदलणारा घेऊ. भाड्याने देतात. दुपारपर्यंत होऊन जाईल."

"भाड्याचा आणि वर कायमचा?" काकांनी चष्मा काढला. "अगं, तीस वर्षांत पाच जागा बदलल्या मी. प्रत्येक घरमालक पहिल्या दिवशी म्हणायचा, आपलीच समजा. एकदा खरंच समजलो, तर आठवड्यात भट्टी रस्त्यावर! ते काही नाही. घ्यायचा तर मालकीचा."

"पण आपल्याला एकच लागतो."

"मग एकच घेऊ. पण आपला."

मालकीचे पत्ते देण्याचा अधिकार पत्तावाटप मंडळाकडे होता. तिथल्या साहेबांनी काकांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, कारण ऐकून घेणे हा प्रक्रियेचा पहिला टप्पा होता. दुसऱ्या टप्प्यात ते म्हणाले, "सुटा पत्ता मिळत नाही. कमीत कमी दोनशे छप्पन्न. आणि सगळे वापरात आहेत, हे दाखवावं लागेल. पत्त्यांची टंचाई आहे ना! कुणी गरजेपेक्षा जास्त घेऊ नये, असं मंडळाचं धोरण आहे."

"साहेब, मी एकच मागतोय!"

"इतकी कमी गरज असणाऱ्यांसाठी मंडळाकडे योजना नाही."

कारखान्यात इंटरनेटला जोडलेल्या वस्तू मोजल्या, त्या पाच निघाल्या. उरलेल्या दोनशे एक्कावन्न पत्त्यांसाठी काकांनी कंबर कसली. भट्टी झाली, पॉलिशची चाकं झाली, पंखे, घड्याळ, स्टुलं, कपाटांचे खण झाले. तरी आकडा एकशे चाळीसच्या पुढे हलेना. शेवटी नमुन्याच्या कवळ्या मोजायला घेतल्या, आणि वरची नि खालची वेगळी धरल्यावर मेळ बसला. पुतणीने यादी टाइप करून दिली, पण खाली सही करायला साफ नकार दिला.

मग तपासनीस आले. ज्या वस्तूला पत्ता आहे तिने हाक मारल्यावर उत्तर द्यावं, असा नियम होता. त्यांनी यादी उघडली.

"क्रमांक एकतीस, छताचा पंखा. उत्तर देत नाही."

"फिरतोय की, साहेब."

"फिरणं म्हणजे उत्तर नव्हे."

काकांनी कारागिरांकडे पाहिलं. सहा जणांची नोकरी पणाला लागली होती, आणि ते सहा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे नऊही जण एकदम तत्पर झाले.

"क्रमांक बत्तीस, स्टूल."

"हजर!" घासकाम करणारा ओरडला.

मग काय, खोलीत शाळाच भरली. पंखाही मागाहून हजर झाला, चाकं हजर झाली, खण हजर झाले. "क्रमांक दोनशे चार, खालची कवळी, महिला, मध्यम," अशी हाक आली तेव्हा सगळ्यात ज्येष्ठ कारागीर लाजत लाजत "हजर" म्हणाला. तपासनिसांनी शेरा लिहिला: 'सर्व वस्तू प्रतिसाद देतात. क्र. २०४ चा उच्चार अस्पष्ट.'

प्रमाणपत्र तीस तारखेला सकाळी हातात पडलं. काका ते घेऊन थेट दंतसंस्थेत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने पहिला पत्ता यंत्रात घातला, तर पडदा लाल झाला.

"यावरून पूर्वी लॉटरी लागल्याची खोटी पत्रं जायची," अधिकारी म्हणाला. "आमचं यंत्र हा पत्ता दारातच अडवतं."

"अहो, मी तो आज घेतलाय!"

"यंत्राला मालक कळत नाही, पत्ता कळतो. दुसरा सांगा."

दुसराही लाल झाला. दोनशे छप्पन्न पत्ते एकाच जुन्या मालकाचे होते आणि त्याने कष्टात कुठेच कसूर केली नव्हती.

"पण कायमचा पत्ता तुम्हीच मागितलात ना?" काकांनी संस्थेचं पत्र पुढे केलं.

"कायमचा म्हणजे न बदलणारा हो. मालकीचा कोणी मागितला? सगळ्यांचे भाड्याचेच असतात. आमचासुद्धा."

काकांनी तिथूनच पुतणीला फोन केला. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली नाही, त्यावरून ती किती चिडली आहे हे त्यांना कळलं. दुपारी चारपर्यंत भाड्याचा पत्ता मिळाला. एक तारखेला सकाळी पहिला जबडा पडद्यावर उमटला, नऊही जण आपापल्या स्टुलावर बसलेले होते, आणि ते पाहून काकांना चक्क रडू आलं.

राहता राहिले ते मालकीचे पत्ते. पहिल्यांदा शेजारचा चष्मेवाला आला. "ऐकलं, तुमच्याकडे मालकीचे आहेत म्हणे. मंडळ सुटा देत नाही. एखादा द्या की."

"अहो, तो चालत नाही. पार बदनाम आहे."

"चालवायला भाड्याचा आहे माझ्याकडे. हा आपला असावा एक."

त्याच्यामागून दोन डॉक्टर आले, एक वकील आला. खुद्द दंतसंस्थेचा तो अधिकारीही येऊन दोन घेऊन गेला, त्यातला एक बायकोच्या नावावर. काका प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी हकीकत सांगत, कुणाची फसवणूक नको म्हणून. ऐकणारा पोट धरून हसे, डोळे पुसे आणि उठता उठता हळूच विचारी, "एखादा शिल्लक आहे का हो?"

शेवटचा पत्ता काल गेला. आता पुतणीने प्रतीक्षायादी उघडली आहे. तीत एव्हाना एकशे बारा नावं आहेत. तुमचा क्रमांक एकशे तेरावा. नाव आम्ही लिहून घेतलं आहे. तुमचा मालकीचा पत्ता कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, तेवढं कळवा. भाड्याचा असला तरी चालेल.