दगाबाजांचा डबा

देवीदासभाऊ कुणाकडेही गेले की आधी पाणी मागत नाहीत, कंप्युटर उघडायला मागतात.

अमरावतीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याच्या कोपऱ्यात भाऊंचं कंप्युटर दुरुस्तीचं टेबल. मदरबोर्ड दिसला की ते त्यावरच्या नळकांड्यासारख्या एकेका कॅपॅसिटरच्या डोक्यावरून बोट फिरवतात. डोकं सपाट असलं तर ठीक. जरा वर आलेलं लागलं की निकाल, "फुगला तो गेला, ताई."

माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाचे मामा मानपानावरून रुसले, तेव्हाही भाऊ पंगतीत मोठ्यानं हेच म्हणाले. मामा खरंच गेले, न जेवता.

हलक्या मालावर त्यांचा फार राग. "पंच्याऐंशी डिग्रीपर्यंतच टिकणारा माल वऱ्हाडात काहून विकून राहिले हे लोकं? इथं मे महिन्यात माणूस फुगते!" काढलेले खराब कॅपॅसिटर ते फेकतही नाहीत, कुणी उचलून पुन्हा लावेल म्हणून. वर 'दगाबाज' लिहिलेल्या डब्यात कोंडून ठेवतात.

अशा माणसाची दुरुस्ती फक्त एकाच ठिकाणी टिकत नसे. मोर्शीला, लेकीकडे, म्हणजे शीतलकडे. जावयाची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. तिथला जुना कंप्युटर दर दोन महिन्यांनी बंद पडायचा. शीतलचा दुकानात फोन यायचा आणि भाऊ पहिली एस.टी. पकडायचे. बायको गेल्यापासून घरी ते एकटेच.

मागच्या खेपेला निघताना त्यांनी दगाबाजांच्या डब्यातला एक कॅपॅसिटर खिशात टाकला. मी पाहिलं.

"भाऊ, हा कशाला?"

"लेकीच्या घरी बापानं बिनकामाचं कसं जावं, ताई? हा दोन महिने चालते. मंग बोलावणं येते."

"सरळ जाऊन बसा की चार दिवस."

"बरं नाही दिसत."

मी कपाळाला हात लावला आणि फॉर्म भरायला बसले.

दोन महिने झाले, तीन झाले, चार झाले. बोलावणं नाही. भाऊ रोज आल्या आल्या विचारायचे, "मोर्शीचा फोन?" मग गिऱ्हाइकांवर खेकसायचे. काल ते चहाला गेले तेव्हा मीच शीतलला फोन लावला. कंप्युटर बरा आहे ना, म्हटलं.

"त्याच्यावर आता कोणी काम नाही करत, मावशी. वर्षापासून बिलं लॅपटॉपवर आहेत. मीच रोज सकाळी बटन दाबून पाहून राहिली, बंद पडला का म्हणून. बिनकामाचं बोलावलं तं बाबा येत नाहीत." मग म्हणाली, "या वेळचा कोणता लावला त्यांनी? फुगूनच नाही राहिला."

"आतली एखादी वायर काढून ठेव," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

भाऊ चहा पिऊन आले. "मोर्शीचा कंप्युटर बंद पडला," मी सांगितलं.

"फुगला?"

"फुगला."

त्यांनी दगाबाजांचा डबा टेबलावर उपडा केला, चष्मा पुसला, आणि एकेकाच्या डोक्यावरून बोट फिरवत सगळ्यांत जास्त फुगलेला शोधू लागले.