अंडं विचाराधीन आहे

पिल्लू सुखरूप बाहेर आलं. साहेबांनी आयुष्यातला पहिला निर्णयही घेतला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण तूर्त यातलं काहीच घडलेलं नाही असं धरून चाला. अंडं अजून पेटीत आहे आणि साहेब पेटीसमोर स्टुलावर बसलेत. हात मांडीखाली दाबून. न जाणो, चुकून काही करून बसायचे.

ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘विचाराधीन’ म्हणत. परवान्याचं प्रत्येक प्रकरण ते संबंधितांच्या अभिप्रायासाठी पाठवून देत आणि अभिप्राय येईपर्यंत अर्जदार एकतर कंटाळायचा, नाहीतर निवर्तायचा. दोन्ही बाबतींत प्रकरण निकाली. ‘थांबलं की आपोआप मिटतं’ हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि त्याच्या जोरावर त्यांना बढत्याही मिळाल्या होत्या. घरी मात्र याच तत्त्वज्ञानापायी मोरीतला नळ लग्न झाल्यापासून गळत होता.

गच्चीवरची खुडूक कोंबडी अर्धवट उबवलेली अंडी टाकून उठून गेली, तेव्हा बायकोने ती पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवली, वर बल्ब लावला, शेजारी वाटीभर पाणी ठेवलं आणि कोंबडीपेक्षा जास्त निष्ठेने रोज फिरवली. तरी बाकीची वाया गेली. एकच उरलं. त्याला चीर पडून आतून चिवचिव ऐकू आली, नेमकं त्याच सकाळी तिला माहेरी, तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला निघावं लागलं.

“अहो, बाहेर यायला त्याला वेळ लागतो,” दारात चपला घालताना ती म्हणाली. “अगदीच अडकलंय असं वाटलं तर हळूच कवच काढायचं, नाहीतर हात लावायचा नाही. कधी काय, ते तुम्ही ठरवायचं. पिल्लू जगायला हवं. आणि परत आल्यावर मला ऐकायचंय की तुम्ही काहीतरी ठरवलंत. आपोआप मिटलं, हे नकोय या वेळी.”

दुपारपर्यंत चीर जिथल्या तिथे. साहेबांनी रीतसर जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“आतला पडदा ओलसर असेल तर थांबा,” डॉक्टर म्हणाले. “वाळला असेल तर पिल्लू चिकटतं. मग मदत लागते.”

“वाळलाय का, ते कसं कळणार?”

“झाकण उघडून बघायचं.”

“बरं.”

“पण झाकण उघडलं की पडदा वाळतो.”

साहेबांना गहिवरून आलं. इतकं परिपूर्ण परिपत्रक त्यांच्या खात्यालाही कधी काढता आलं नव्हतं.

त्यांनी झाकण उघडलं. पडदा ओलसर होता. म्हणजे ओलसर वाटला. अशा नाजूक बाबतीत एकट्याच्या मतावर विसंबणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला बोलावलं. तो चष्मा आणि छोटी कात्री घेऊन आला, पेटीत डोकं घालून बराच वेळ राहिला आणि हे कापड नसून अस्तर आहे, अस्तराला आपण कात्री लावत नाही, असं सांगून गेला. मग त्याची बायको बघायला आली. मग तिची बहीण. अभिप्राय दिल्याशिवाय कोणी हलत नव्हतं आणि झाकण उघडल्याशिवाय कोणी अभिप्राय देत नव्हतं. पाहुणे संपले तोवर पडद्याचा पार पापड झाला होता आणि चिवचिव बारीक झाली होती.

शेवटचा अभिप्राय साहेबांच्या आईचा. ती कोपऱ्यात मटार सोलत होती.

“तू तरी कुठे स्वतःहून आलास?” आई म्हणाली. “डॉक्टरांनी चिमट्याने ओढून काढला तुला. तेव्हापासून बघतेय, कोणी ओढल्याशिवाय जागचा हलत नाहीस.”

“म्हणजे मदत नको करू?”

“असं कुठे म्हटलं मी? ओढला नसता तर गेला असतास.”

“मग करू?”

“मला काय विचारतोस? मी मटार सोलतेय.” आणि ती मटार घेऊन आत निघून गेली.

तेवढ्यात चिवचिव थांबली.

ऑफिसात साहेबांना शांततेइतका गोड आवाज दुसरा नव्हता. शांतता म्हणजे अर्जदार घरी गेला. पण हा अर्जदार कुठे जाणार होता? पेटीला कान लावला; काही नाही. मग, ज्यावर उद्या ऑफिसात कोणाचाही विश्वास बसणार नाही, ते घडलं. कोणाचाही अभिप्राय न घेता साहेब उठले आणि रिकाम्या खोलीला उद्देशून म्हणाले, “मी काढतो त्याला.”

त्यांनी कपाटातून चिमटा काढला, कापूस काढला आणि हात धुवायला मोरीत गेले. तिथला नळ इतकी वर्षं इमानाने गळत असला, तरी सोडल्यावर धड वाहत नसे. बोटभर धारेखाली साबण काही केल्या निघेना. निघाला तेव्हा ते धावत आले, झाकण उचललं.

कवचाचे दोन तुकडे. शेजारी ओलं, विस्कटलेलं, भयंकर चिडलेलं पिल्लू. हातातला चिमटा बघून ते आणखी चिडलं.

साहेब मटकन स्टुलावर बसले. डोळे पुसले आणि बायकोला फोन लावला. ती आधी आनंदाने ओरडलीच. मग म्हणाली, “तुम्ही काढलंत?”

खोटं बोलायचं, तर तेही ठरवावं लागलं असतं. “नाही. पण ठरवलं होतं. चिमटा घेऊन येतच होतो.”

“हो का?”

“शपथ. त्याच्या आधी ठरवलं होतं.”

“कोणी होतं तिथे?”

आतून आईने आपणहून साक्ष दिली, की दिवसभर तो त्या स्टुलावरून उठलेला नाही.

“असू द्या,” बायको मायेने म्हणाली, आणि तेच त्यांना जास्त लागलं. “पिल्लू जगलं ना. मिटलं आपोआप. नळाचंही मिटेल कधीतरी.”

फोन ठेवून साहेब पेटीसमोर वाकले. पिल्लाने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी घसा साफ केला.

“सदर प्रकरणी निर्णय वेळेत झालेला असून, केवळ अर्जदाराच्या उतावळेपणामुळे अंमलबजावणी राहून गेली आहे. सबब, अर्जदाराने थोड्या वेळाकरिता अंड्यात परत जाऊन आम्हांस उपकृत करावे, ही नम्र विनंती.”